घर बांधणाऱ्यांची शाळा

गेल्या चैत्रापासून आमच्या वाड्यांत एक मोजपट्टी फिरत आहे. ती आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येची. कन्या वास्तुशिल्पी आहे. म्हणजे पांच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, पदवी मिळवून, परगांवीं चार वर्षें उमेदवारी करून आलेली आहे. वाडा उतरवून त्या जागीं नवी इमारत उभी करावयाची, हें घरांतील वडील मंडळींनीं दोन वर्षांमागेंच ठरविलें होतें, व एका व्यावसायिकाकडून नकाशाहि करून आणला होता. नकाशा देखणा होता. त्यांत आमच्या अंगणांत नसलेलीं झाडें होतीं, आणि आमच्या घराण्यांत आजवर न जन्मलेलीं अशीं सडपातळ, हातांत कॉफीचा पेला धरून उभीं असलेलीं माणसें होतीं. सर्वांना तो पसंत पडला. सर्वांत आधीं मला. पुतणीनें तो नीट पाहिला, घडी करून ठेवून दिला, आणि म्हणाली, "काका, मला एक महिना नुसतें घरांत बसूं द्या."

बसून काय करणार, असें मीं विचारलें. "पाहणार," ती म्हणाली. ह्याच घरांत जन्मलेली मुलगी घर पाहणार, हें ऐकून तिच्या आईला हसूं आवरेना. माझ्या मनांत मात्र तो शब्द रेंगाळत राहिला, आणि ह्या महिन्याचें हें पान त्यालाच दिलें आहे. वैद्य रोग्यापासून शिकतो. वकील पक्षकारापासून शिकतो, आणि तेंहि पक्षकाराच्याच पैशानें. घरें बांधणारा शाळेंतून बाहेर पडल्यावर कोणापाशीं शिकतो?

पुतणीच्या टेबलावर पडलेलीं पुस्तकें मीं दुपारच्या वेळीं चाळीत असतों. त्यांत एका प्रवासाची हकीकत सांपडली. १९११ सालच्या वसंतांत, स्वित्झर्लंडांतील ला शो-द-फों ह्या घड्याळांच्या कारागिरीसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवचा तेवीस वर्षांचा एक तरुण एका मित्राला सोबत घेऊन पूर्वेकडे निघाला. त्याचें नांव शार्ल-एदुआर जानरे. पुढें जगानें त्याला ल कॉर्ब्युझिए ह्या त्यानें स्वतःच घेतलेल्या नांवानें ओळखलें. वास्तुशिल्पाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती, आणि पुढेंहि त्यानें ती घेतली नाहीं. डॅन्यूब नदीच्या कांठानें बुडापेस्ट, बेलग्रेड, मग बल्गेरिया ओलांडून कॉन्स्टँटिनोपल, तेथून ॲथॉस डोंगरावरचे मठ, अथेन्स, पाँपेई, रोम, असा कित्येक महिन्यांचा तो फेरा होता. खिशांत मावतील अशा वह्या त्यानें बरोबर ठेवल्या होत्या. त्यांत मशिदींचे घुमट आहेत आणि देवळांचे खांब आहेत, हें ठीकच. परंतु कुंभारांचीं मडकीं, खेडुतांचीं चुन्यानें पांढरीं केलेलीं अंगणें आणि त्यांवर चढविलेले द्राक्षवेलींचे मांडव हींहि त्याला तितकींच मोलाचीं वाटलीं. अथेन्सला पोंचल्यावर ॲक्रॉपोलिसच्या टेकडीवर धांवत न जातां त्यानें संध्याकाळपर्यंत कळ काढली. नंतर मात्र कित्येक दिवस तेथें फेऱ्या घालून तो त्याच त्या खांबांकडे पाहत राहिला. आपल्याकडील यात्रेकरू एका दिवसांत पांच ठिकाणें उरकून मुक्कामास येतात, हें येथें सहज आठवलें.

ह्या प्रवासाच्या आधीं, १९०७ सालीं, त्यानें फ्लॉरेन्सजवळचा एमा येथील मठ पाहिला होता, व परततांना तो मुद्दाम पुन्हां पाहिला. त्या मठांत प्रत्येक साधूला स्वतंत्र लहानसें घर आहे, घराला भिंतीनें बंदिस्त केलेली इवलीशी बाग आहे, आणि सर्वांना जोडणारी एक आच्छादित वाट आहे. दार लावलें कीं एकांत, उघडलें कीं सोबत. १९५२ सालीं मार्सेय शहरांत त्यानें बांधलेली तीनशेंहून अधिक बिऱ्हाडांची इमारत पुरी झाली. तिच्या मुळाशीं हा मठ आहे. विसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांत भरलेली गोष्ट पासष्टीला पोंचतां पोंचतां हातून उतरली. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना ह्या मठाचें मर्म फोड करून सांगावयास नको. आपल्या वाड्यांत सोबतीची कधींच वाण नव्हती. ती भिंतीआडची इवलीशी बाग मात्र कोणाच्या, विशेषतः सुनांच्या, वांट्यास आली नाहीं.

त्या प्रवासाचें पुस्तक निघालें १९६६ सालीं, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं. शेवटच्या उन्हाळ्यांत तो त्याच मजकुरावरून हात फिरवीत होता. तारुण्यांतल्या वह्या म्हातारपणीं पुन्हां उघडाव्याशा वाटणें, ही मला त्या माणसाच्या सर्व इमारतींहून मोठी गोष्ट वाटते. त्याच्या इमारतींविषयीं माझें मन तितकें निःशंक नाहीं. १९५१ सालीं तो चंदीगडच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आला. येथेंहि त्यानें वह्या भरल्या, बैल काढले, दिल्लीचें जंतरमंतर काढलें. ऊन्ह अडविण्यासाठीं त्यानें खिडक्यांपुढें काँक्रीटच्या खोल चौकटी उभ्या केल्या. कल्पना उत्तम, परंतु काँक्रीट दिवसभर तापतें आणि तो ताप रात्रीं परत देतें, ही गोष्ट पंजाबांतल्या ज्येष्ठांत खाट बाहेर काढून निजणाऱ्या कोणत्याहि आजीबाईनें त्याला सांगितली असती. पाहण्याला विचारण्याची जोड असावी लागते.

ह्याच गृहस्थाच्या पॅरिसमधील कार्यालयांत १९५१ सालीं पुण्यांत जन्मलेला एक तरुण दाखल झाला. बाळकृष्ण दोशी हे ते. जन्म २६ ऑगस्ट १९२७चा, घराणें गुजराथी, धंदा लांकडी सामानाचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिक्षण घेऊन ते बोटीनें लंडनला गेले, आणि तेथून पॅरिसला. फ्रेंच भाषेचा गंध नाहीं, आणि पहिले आठ महिने पगारहि नाहीं. १९५४ सालीं ते परतले ते गुरूच्या अहमदाबादेंतील कामांवर देखरेख करण्यासाठीं, व पुढें तेथेंच स्थायिक झाले. २०१८ सालीं वास्तुशिल्पांतील प्रिट्झकर पारितोषिक त्यांना मिळालें; तें मिळविणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ रोजीं ते निवर्तले.

दोशींच्या चरित्रांत मला मोह पडला तो पॅरिसचा नव्हे, पुण्याचा. त्यांचें बालपण गेलें तें घर एकत्र कुटुंबाचें होतें, आणि कुटुंब वाढेल तसतसें तें घरहि वाढत गेलें. मुलाचें लग्न झालें, एक खोली चढली. नातवंडें झालीं, माडीला माडी जोडली. ज्या मुलानें लहानपणीं असें वाढतें घर पाहिलें, त्याला घर ही एकदां पुरी करून कुलूप लावून हवालीं करावयाची वस्तु कशी वाटावी? बंगळूरच्या व्यवस्थापनसंस्थेसाठीं त्यांनीं फत्तेपूर शिक्रीचे चौक आणि मदुरेच्या देवळांतील लांबच लांब दालनें डोळ्यांपुढें ठेवलीं, स्थानिक करड्या दगडाच्या भिंती घातल्या, आणि दालनांवर छपराऐवजीं कोठें कोठें नुसत्या तुळया टाकून वेलींना वाट करून दिली. विद्यार्थी वर्गांतून निघून दुसऱ्या वर्गांत पोंचेपर्यंत ऊन्ह, सांवली आणि चार मित्र त्याला भेटावेत, ही योजना. हें प्रवासाचें देणें. परंतु इंदूरजवळची अरण्य नांवाची वसाहत मात्र प्रवासाला न जातां झालेल्या शिक्षणाचें फळ आहे.

१९८०च्या दशकांत इंदूरला, प्रामुख्यानें गरीब कुटुंबांसाठीं, ही वसाहत वसवावयाची होती. सुमारें साडेसहा हजार घरें. वस्तीचा अंदाज ८०,००० माणसांचा. नकाशा आखण्यापूर्वीं दोशींच्या संस्थेनें इंदूरमधल्याच झोपडवस्त्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें. लोक दारापुढें ओटा किती रुंद घालतात, त्यावर काय काय करतात, बोळाच्या कोणत्या वळणावर दुकान मांडलें जातें, एका झाडाखालीं किती तऱ्हेचीं कामें चालतात, हें सारें मोजून, चित्रें काढून टिपून घेतलें. ज्या वस्तीकडे पाहून आपण नाकाला रुमाल लावतों, तिला ह्या मंडळींनीं गुरुस्थानीं मानलें. मग अगदीं लहान घरासाठीं सुमारें ३५ चौरस मीटरांची जागा, तिच्यावर पक्कें जोतें, नळ, संडास आणि एकादी खोली, एवढेंच त्यांनीं दिलें. पुढचें घर ज्याचें त्यानें, जमेल तेव्हां, जमेल तसें वाढवावें. कांहीं नमुन्याचीं घरें बांधून दाखविलीं. त्यांत बाहेरून चढणारे जिने, लहान सज्जे, दारापुढचे ओटे आहेत. १९९५ सालीं ह्या वसाहतीला आगाखान पारितोषिक मिळालें. त्यानंतर रहिवाशांनीं मजले चढविले, रंग बदलले, ओट्यावर दुकानें थाटलीं. कित्येक ठिकाणीं मूळ आंखणी ओळखूं येत नाहीं म्हणतात. चित्रकाराचें चित्र असें कोणी पुसलें तर तो कोर्टांत जाईल. पुण्याच्या वाढत्या घरांत वाढलेल्या माणसाला त्यांत वावगें वाटण्याचें कारण नव्हतें.

पुतणीच्या पुस्तकांत आणखी एक गृहस्थ आहेत, ते लॉरी बेकर. हे १९१७ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें जन्मले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चीनमध्यें शुश्रूषेचें काम करून स्वदेशीं परततांना बोटीच्या प्रतीक्षेंत मुंबईस अडकून पडले, आणि तेथें त्यांची गांधीजींशीं भेट झाली. बेकर ह्यांच्या पायांत चिंध्यांचे शिवलेले जोडे होते. गांधीजींचें लक्ष तेथें गेलें आणि बोलणें सुरू झालें. खेड्यांतलें घर आसपासच्या पांच मैलांत मिळणाऱ्या सामानाचेंच असावें, हा विचार त्या भेटींतला. पुढें ते हिंदुस्थानांतच राहिले. हिमालयांत पिठोरागडच्या बाजूस सोळा वर्षें, नंतर केरळांत. पिठोरागडला त्यांच्या ध्यानांत आलें कीं आपल्या विलायती शिक्षणांत येथल्या मातीला, वाळवीला आणि पावसाला उत्तर नाहीं, आणि डोंगरांतल्या निरक्षर गवंड्यापाशीं तें आहे. मग ते त्याच्या हाताखालीं शिकले. केरळांत त्यांनीं विटा आडव्या न मांडतां कडेवर उभ्या मांडून मध्यें पोकळी ठेवणारी भिंत रूढ केली. तींत विटा सुमारें चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीमुळें उन्हाचा ताप आंत येत नाहीं. छताच्या काँक्रीटमध्यें खालच्या बाजूचें काँक्रीट वस्तुतः भार पेलीत नाहीं, ताण सळया घेतात. तेव्हां तेथें टाकाऊ मंगळुरी कौलें बसवून त्यांनीं काँक्रीट वांचविलें. कौलारू छपरें उतरवून गच्च्या घालण्याची लाट आपल्याकडेहि येऊन गेली. त्या वेळीं आपण तीं कौलें उकिरड्यावर टाकलीं, हें मी स्वतः पाहिलेलें आहे.

आतां घरीं परत येतों. पुतणी महिनाभर बसली. पहाटे पांचला ओसरीच्या पायरीवर, दुपारीं माजघरांत, संध्याकाळीं चौकांतल्या हौदाशीं. हातांत वही. मोबाईलवर छायाचित्रें कां काढीत नाहींस, असें तिच्या भावानें विचारलें. ती म्हणाली, "छायाचित्र काढतांना पायऱ्या मोजाव्या लागत नाहींत. चित्र काढतांना लागतात." ह्या उत्तरानें घरांतील तरुण मंडळींत तिच्याविषयीं जरा भीतियुक्त आदर उत्पन्न झाला.

आमच्या थोरल्या काकू शहाऐंशी वर्षांच्या आहेत. माजघर आणि ओसरी ह्यांमधल्या उंबरठ्याशीं बसणें ही त्यांची जन्माची संवय. येतां जातां प्रत्येकाला त्यांना वळसा घालावा लागतो, आणि "काकू, जरा बाजूला बसा ना" हें वाक्य आमच्या घरांत दिवसांतून दहा वेळां तरी उच्चारलें जातें. मींहि तें उच्चारलेलें आहे. पुतणी त्यांच्याशेजारीं तीन दिवस बसली आणि चौथ्या दिवशीं तिनें मला तेथें बसविलें. "काका, डोळे किलकिले करा, आणि काय दिसतें तें सांगा." डावीकडे देवघरांतली समई दिसली, समोर दिंडींतून चौकांत पडणारा उजेड दिसला. बाकी सर्व अंधुक. "काकूंना एवढेंच दिसतें," ती म्हणाली. "ह्या दोन उजेडांच्या अंदाजानें त्या घरभर वावरतात. दिंडींतला उजेड हलला कीं कोणी आलें. समई हलली कीं वारा. आणि उठतांना चौकटीच्या ह्या खांचेंत त्यांचा हात जातो. बोट लावून पाहा, लांकूड झिजलेलें आहे."

बोट लावून पाहिलें. झिजलेलें होतें. काकूंची दृष्टि इतकी गेलेली आहे, हें घरांतल्या आम्हां अकरा माणसांपैकीं एकालाहि ठाऊक नव्हतें. त्यांनीं कोणाला सांगितलें नाहीं, आणि त्यांना आमच्यापुढें कधीं अडखळावें लागलें नाहीं. घर त्यांची बाजू सांभाळून घेत होतें. पहिल्या नकाशांत त्यांना चौथ्या मजल्यावर बोळाच्या टोंकाशीं एक उत्तम, हवेशीर, स्वतंत्र न्हाणीघर असलेली खोली दिलेली होती. तेथें दिंडी नाहीं, समई नाहीं, आणि वळसा घालून जाणारें माणूसहि नाहीं. त्या खोलीवर पसंतीची पहिली सही माझी होती.

पुतणीनें नवा नकाशा काढला आहे. त्यांत तळमजल्याला लहानसा चौक ठेवला आहे, प्रवेशाच्या दारासमोर. त्याच्या कडेला काकूंची खोली, आणि खोलीला लागून सर्वांचें मिळून एक देवघर. जुन्या दाराची चौकट, खांचेसकट, काढून तेथें बसवावयाची. जिन्याची पायरी सात इंचांऐवजीं सहा इंचांची, कारण काकूंचा गुडघा कोठवर उचलतो तें तिनें मोजपट्टीनें मोजलें आहे. हें सर्व ऐकावयास गोड आहे. परंतु चौक म्हणजे न विकतां येणारी, न वांटतां येणारी जागा. प्रत्येक बिऱ्हाडाच्या वांट्यांतून सुमारें सत्तर चौरस फूट कमी होतात, आणि खालीं दोन मोटारींची जागा जाते. आमचे मधले बंधू हिशेबी आहेत आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाहीं. त्यांच्या दोन्ही मुलांचे संसार त्याच क्षेत्रफळांत मांडावयाचे आहेत. "काकू आणखी किती वर्षें?" हा प्रश्न त्यांनीं उच्चारला नाहीं, पण बैठकींत तो सर्वांच्या मध्यें येऊन बसला होता. परदेशांतून दूरध्वनीवर बोलणाऱ्या पुतण्यानें तो उच्चारला. तेव्हां पुतणी म्हणाली, "काकूंच्या नंतर तेथें काका बसतील." सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं चष्मा पुसला.

त्या सत्तर चौरस फुटांत माझ्या पुस्तकांची खोली जाते, हें येथें नमूद करावयास हवें. नाहींतर मी उदारपणें लिहीत आहें असा वाचकांचा समज होईल. मीं नव्या नकाशावर सही केली आहे. धाकट्यांनीं केली आहे. मधल्यांनीं श्रावण सरेपर्यंत मुदत मागितली आहे, आणि ती रास्त आहे. मधल्या वहिनी मात्र दोनदां येऊन उंबरठ्याशीं बसून गेल्या. काय पाहिलें तें त्यांनीं सांगितलें नाहीं.

दरम्यान पुतणी वाईला जाणार आहे. कृष्णाकांठचे जुने वाडे उभे आहेत तोंवर त्यांचे जिने मोजून घ्यावयाचे, असें तिच्या मनांत आहे. काकूंचें माहेर तिकडचें. वाडा अजून उभा आहे कीं नाहीं तें काकूंना ठाऊक नाहीं, पण त्यांनीं तिला एक काम सांगितलें आहे. माडीच्या जिन्याला वर चढतांना धरावयास तुळईपासून एक दोर सोडलेला असे, त्याला वीतवीतभर अंतरावर गांठी होत्या. किती गांठी, तें मोजून ये म्हणाल्या; त्यांच्या मतें सात, पण थोरल्या बहिणीशीं त्यांचा त्यावरून वाद झाला होता.